जुने व्हिडिओ गेम पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

माळ्यावर वीस-पंचवीस वर्षं पडलेला टीव्ही गेम पडून पडून सहसा मरत नाही. तो मरतो खाली काढल्यावर, पहिल्या अर्ध्या तासात, आपल्याच हातून.

अ‍ॅडॉप्टर

नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याकडे ज्यांच्या घरी समुराई किंवा लिटल मास्टर हा संच होता, तो जपानी निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची नक्कल होता. त्याचा मूळ अ‍ॅडॉप्टर हमखास हरवलेला असतो. मग कुणीतरी वाय-फाय राउटरचा १२ व्होल्टचा आणून लावतं, कारण पिन बसते! पण राउटरच्या पिनमध्ये मधला भाग प्लस असतो, आणि या संचांपैकी बऱ्याच संचांत मधला मायनस. बटण दाबलं की संपला विषय.

संच पालथा करा. तळाशी गोलाचं छोटं चित्र असतं. मधल्या ठिपक्याला कुठली खूण जोडली आहे ते बघा. व्होल्टही तिथेच लिहिलेले असतात, बहुधा ९. चित्र घासून गेलं असेल तर संच उघडा (अर्थात काहीही न जोडता). आत पत्र्याला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर दिसेल. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक त्याच्या मधल्या पायाला आणि दुसरं जॅकच्या मधल्या पिनेला लावा. बीप वाजला तर मध्य मायनस.

कॅसेट

फुंकर मारू नका. सगळ्यांनी मारली, मान्य आहे, पण तोंडातली ओल पिनांवर बसते आणि हळूहळू गंज धरतो. फुंकरीनंतर कॅसेट चालायची ती बाहेर काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको, पिनांवरचा मुलामाच निघून जातो. कॅसेट उघडल्यावर आत चिपऐवजी काळा टिपका दिसला तर घाबरू नका, ‘९९९९ इन १’वाल्या कॅसेटींत चिप तशीच डांबरासारख्या थराखाली असते. ती मेली असेल तर दुरुस्ती नाही. दुसरी कॅसेट शोधा.

ऊन

पिवळा पडलेला डबा हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला की पांढरा होतो, हे खरं आहे. पण त्या कृती बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेल्या आहेत. भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, गच्चीवर ठेवलेलं प्लास्टिक वाकतं, त्यावर चट्टेही पडतात. करायचंच असेल तर डिसेंबरात करा. मला विचाराल तर पिवळा राहू द्या. आणि पत्र्याखालच्या खोलीत कॅसेटी साठवू नका.

टीव्ही

अँटेनाच्या वायरीने जोडून मुंग्याच दिसत असतील तर संचाला पिवळी-पांढरी एव्ही पिन आहे का बघा, तीच वापरा. ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या गेमची बंदूक एलसीडीवर चालत नाही म्हणून ती उघडत बसू नका. ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो प्रकाश टिपते. एलसीडीवर तोच चौकोन उशिरा येतो, तोवर यंत्राने ‘नेम चुकला’ ठरवलेलं असतं. बंदुकीसाठी जुना डब्बा टीव्हीच लागतो.

एम्युलेटर

एम्युलेटर म्हणजे जुना गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम. मारिओचा गेम अवघा ४० केबीचा आहे. त्याच नावाने ५ एमबीची एक्सई फाइल उतरत असेल तर तो मारिओ नव्हे, व्हायरस समजा.

‘एम्युलेटरवर गेम फार पळतो’ ही तक्रार नेहमीची. तो पळत नाही. आपण लहानपणी हळू खेळलो. आपल्याकडचे संच बहुतेक पाल या टीव्ही पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. अमेरिकन फाइल ६० ने चालते. म्हणजे आपला मारिओ सहाव्या हिश्शाने मंद होता. मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये रीजन ‘डेंडी’ करा, चाल ओळखीची वाटेल.

आता मुस्तफा. पार्लरमध्ये एक-एक रुपयाच्या नाण्यावर खेळलेला हा कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तो घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे कधी आलाच नाही, कॉपीराइट मात्र अजून जिवंत आहे, एवढं लक्षात असू द्या. पार्लरच्या यंत्रातला मूळ बोर्ड कुणी विकत असेल तर आधी बॅटरीचं विचारा: ती संपली की गेमचा सांकेतिक कोड उलगडणारी बोर्डातली किल्ली पुसली जाते आणि गेम सुरूच होत नाही.

मेममध्ये (हा पार्लरचे गेम चालवणारा एम्युलेटर) मुस्तफा उघडत नाही याची कारणं बहुतेक वेळा तीच. झिप फाइल सोडवलेली असते (सोडवायची नसते), किंवा ‘डिनो’ हे नाव बदलून ‘मुस्तफा’ केलेलं असतं, किंवा आवाजाची क्यूसाउंडची वेगळी फाइल शेजारी नसते. मेटल स्लग या दुसऱ्या पार्लर गेमला तशीच निओजिओची फाइल लागते. एवढं करूनही ‘फाइल मिळाली नाही’ म्हणत असेल तर मेमची आवृत्ती आणि रॉमचा (म्हणजे गेमच्या फाइलींचा) संच जुळत नाही. आवृत्ती बदलली की जुन्या सेव्ह स्टेटही (अर्ध्यावर साठवलेले खेळ) बहुधा उघडत नाहीत, म्हणून एकदा चाललेली जोडी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथला मेम अपडेट करू नका.