झाडीतल्या सायकल शर्यतीचे फोटो: उजेड कमी, वेग जास्त

सोलापूरच्या माळावर उजेडाची ददात नाही, त्यामुळे इथल्या फोटोग्राफरचा हात रखरखीत उन्हावर बसलेला असतो. एमटीबी (माउंटन बाइक) शर्यत दाट झाडीत शिरली की तोच हात फसतो. दोष कॅमेऱ्यावर जातो. चुकलेली असते ती बहुधा उभं राहायची जागा.

ट्रॅक आधी पायी फिरून घ्या. चढ, दगडी टप्पा, आखूड वळण, असं जिथे सायकलस्वार नाइलाजाने हळू होतो ते ठिकाण धरा. समोरून येणाऱ्याला तिथे १/५०० सेकंदाचा शटर पुरतो. तोच डोळ्यांसमोरून आडवा गेला तर १/१००० लागतो, म्हणजे निम्मा उजेड गेला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला थांबू नका, घसरलेली सायकल तिकडेच येते.

५५-२५० एमएमची साधी झूम लेन्स पूर्ण लांबवली की एफ/५.६ वर अडकते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं). ८५ एमएम एफ/१.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. झूमला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १२८०० लागेल तिथे हिचं १३०० वर भागतं. फक्त पूर्ण उघडी ठेवली तर हँडल धारदार आणि चेहरा धूसर येतो, म्हणून एफ/२.२ बरा.

खरी डोकेदुखी कवडशांची. पांढरी जर्सी कवडशात आली की जळते (तपशील उडतो), दोन फुटांवर सावलीत चेहरा काळा पडतो, आणि ऑटो आयएसओ या दोन्हींच्या मागे धावत राहतो. ट्रॅकवर पडलेला एकच कवडसा निवडा. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तिन्ही त्याच्यासाठी हाताने बांधा, शेजारच्या दगडावर फोकस पक्का करा आणि चाक तिथे पोचायच्या किंचित आधी पाच-सहा फ्रेमची झोड उठवा. मागची झाडी काळी होते, ती होऊ द्या. कवडसा सरकत असतो, दर दहा मिनिटांनी पुन्हा बघा.

कवडसे नसतील तर ऑटो आयएसओ चालेल, कमाल मर्यादा ६४००. जास्त आयएसओने येणाऱ्या दाण्यांना भिऊन फोटो अंधारा काढू नका. नंतर उजळताना सावलीत दाणे आणखी वर येतात. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, पानांखालची हिरवट झाक त्वचेवरून घालवायला सोपं जातं.

फ्लॅश आयोजकांना विचारूनच, आणि उतारावर येणाऱ्याच्या डोळ्यांत कधीच नाही. कॅमेऱ्यावर लावलात तर काळ्या मातीचा उडालेला फुफाटा पांढऱ्या ठिपक्यांनी चमकतो. बाजूला, दूर ठेवा. त्याच फुफाट्यात लेन्स बदलायची नाही.

सरावाला विजापूर रोडच्या बाजूची झाडं आणि सायकलवाला एखादा मित्र पुरे. नान्नजचं माळढोक अभयारण्य यासाठी नाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत मात्र पाचलाच काम अवघड होतं. मग हालचाल गोठवायचा नाद सोडून १/६० वर पॅनिंग करा, म्हणजे सायकलबरोबर कॅमेरा फिरवत टिपा: पाय रोवून, कंबरेतून वळत, आणि क्लिक झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहून.