बीजिंगचं नॅशनल म्युझियम बघायला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक घरी बसूनच होते. एंट्री फ्री आहे ना, मग जाऊ की सकाळी, असं म्हणून लोक सरळ तियानमेन चौकात जाऊन उभे राहतात आणि परत फिरतात, कारण फ्री असलं तरी बुकिंग आधी करावंच लागतं आणि ते पासपोर्ट नंबरवर होतं. ओरिजिनल पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून झेरॉक्स घेऊन जाऊ नका प्लीज. स्लॉट फुल दिसला तर लगेच नाद सोडू नका, लोक कॅन्सल करतात, मधेमधे चेक करत राहा. सोमवारी बंद असतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे सुट्ट्या असतात, तेव्हा तर जाऊच नका.

दुसरी, नावाचा घोळ. चौकाच्या उत्तरेला राजवाडा आहे ते पॅलेस म्युझियम, ते वेगळं, त्याचं बुकिंगही वेगळं. आणि ती फेमस जेडची कोबी (हिरव्या-पांढऱ्या दगडात कोरलेली) शोधत असाल तर ती इथे नाहीये, ती तैवानमधल्या तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियमची आहे.

आता खरी कळकळीची गोष्ट. हे म्युझियम जवळपास 2 लाख स्क्वेअर मीटरचं आहे, 48 हॉल, आणि राजवाडा बघून दमलेल्या पायांनी दुपारी इथे येणं म्हणजे दोन्हीची वाट लावणं. अख्खी सकाळ याला द्या आणि वरचे मजले सोडून आधी तळघरात उतरा, 'प्राचीन चीन' हे प्रदर्शन तिथेच आहे. मिंग घराण्यातल्या राणीचा नऊ ड्रॅगन नऊ फिनिक्सवाला मुकुट बघायला मोठी रांग लागते, म्हणून तो आधी उरका (त्याचे फ्रिज मॅग्नेटही लोक रांगा लावून घेतात). मग निवांत होऊमूवू डिंगपाशी जा. शांग काळातलं (तीन हजार वर्षांहून जुनं) ब्राँझचं चार पायांचं भांडं, वजन 832.84 किलो, 1939 साली आनयांगच्या शेतात सापडलं आणि जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी परत पुरून ठेवलं. त्याचा एक कान (म्हणजे वरचं हँडल) हरवला होता, आत्ता दिसतो तो नंतर बसवलेला आहे. लोक समोरून सेल्फी घेतात आणि निघतात, तुम्ही जरा बाजूला सरकून दोन्ही कान नीट बघा.

लायटर खिशात नको, सिक्युरिटीत काढून घेतात. मेट्रो लाइन 1, स्टेशन तियानमेन ईस्ट.