लोअर आर्म बदलताना बोल्ट कधी आवळायचे

खड्ड्यात पुढून 'खट्' आवाज आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंगची ओढ, म्हणजे शॉकअपवर खर्च करण्याआधी लोअर आर्मचे (चाक आणि गाडीचा सांगाडा जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बघा. पहारीने आर्म हलवताच फाटलेलं रबर उघडं पडलं. आर्मचा चाकाकडचा फिरता सांधा, म्हणजे बॉल जॉइंटही ढिला, म्हणून दोन्ही आर्म अख्खे बदलले. सुटे बुश प्रेसशिवाय सरळ बसत नाहीत. जॅकसोबत स्टँड हवाच. बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट पूर्ण काढा, तो जॉइंटच्या दांडीवरच्या खाचेत अडकतो. तो असेपर्यंत हातोडी मारून काही होत नाही.

बुशमधले नवे बोल्ट आधी हातानेच लावले. चाक लटकतं ठेवून आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आर्मवर गाडीचं वजन आल्यावरच मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळले. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं.