बॉलवर दाणे सारखे बसत नाहीत? मशीनचा स्पीड बदलण्याआधी या चुका टाळा

ड्रम फिरतोय, वरून सुक्या मेव्याचे बारीक काप (म्हणजेच दाणे) पडतायत, सगळं ठीक दिसतंय आणि तरी बाहेर येणाऱ्या चॉकलेट बॉलवर एकीकडे दाट थर तर दुसरीकडे टक्कल, असं झालं की पहिला हात जातो स्पीडच्या नॉबकडे. गडबड तिथूनच वाढते. कारण स्पीड बदलला की बॉल ड्रममध्ये किती वेळ राहतो, दाण्यांत किती लोळतो, एकमेकांवर किती आपटतो हे सगळं एकदम बदलतं आणि मूळ बिघाड कुठे होता ते शोधायचा रस्ताच बंद होतो. बहुतेक वेळा बिघाड ड्रममध्ये नसतोच हो, तो ड्रमच्या आधी असतो, बॉलच्या ओलेपणात नाहीतर दाण्यातच.

टक्कल कुठे पडलंय ते आधी बघा

बाहेर पडणारे पंधरा-वीस बॉल ट्रेमध्ये घ्या (चालू ड्रममध्ये हात घालून नाही, एवढं तरी पाळा) आणि चांगल्या उजेडात फिरवून बघा. प्रत्येक बॉलला एकाच बाजूला गोल मोकळी जागा असेल तर बॉल ओला असताना कुठेतरी पट्ट्यावर टेकून बसलाय. समोरासमोर दोन बाजूंना टक्कल असेल तर बॉल एकाच आसावर गोल गोल फिरतोय, उलटापालटा होत नाहीये, हे बॉल अगदी कमी असताना आणि खाली दाण्यांचा थर पातळ असताना होतं. चॉकलेट पुसल्यासारखा चकचकीत डाग असेल तर बॉल लोळत नाहीये, ड्रमच्या गुळगुळीत पत्र्यावरून घसरतोय. सगळीकडे भुकटी चिकटलेली आणि मोठे दाणे तुरळक, तर चाळणीकडे जा. काही बॉल भरगच्च आणि काही जवळजवळ कोरे असतील तर दाण्यांचा पुरवठा तुटक होतोय. जोड्या जोड्या चिकटून येत असतील तर चॉकलेट जास्त ओलं आहे किंवा ड्रममध्ये गर्दी झालीये.

आणि बाहेर येताना छान दिसतात पण पॅकिंगच्या डब्यात तळाला दाण्यांचा सडा पडतो, ही वेगळीच केस आहे. तिथे दाणे लागलेत पण धरलेले नाहीत.

ओलेपणाची चूक, म्हणजे सगळ्यात मोठी चूक

चॉकलेटचा वरचा पातळ थर इथे गोंदाचं काम करतो. तो फार ओला असेल तर दाणे त्यात बुडतात, थर ओघळून खाली जमा होतो आणि बॉलला पाय फुटल्यासारखा कडेला घेर येतो. फार सुकला तर दाणे आपटून परत पडतात, किंवा वरवर टेकतात आणि नंतर गळतात. मधली वेळ असते ती फार मोठी नसते, त्यामुळे एनरोबर (बॉलवर पातळ चॉकलेट ओतून थर देणारं मशीन) आणि ड्रम यांच्यातलं अंतर, बेल्टचा स्पीड आणि खोलीचं तापमान ह्या तिन्ही गोष्टी कोटिंगच्याच भाग आहेत असं धरूनच चालायला हवं. बरेच लोक जागा सोयीची म्हणून ड्रम लांब ठेवतात, मध्ये बेल्टचा लांब तुकडा येतो, आणि मग तक्रार मशीनची करतात.

सोपी टेस्ट अशी, ड्रमच्या तोंडाशी येणारा एक बॉल बेल्टवरून उचला आणि ग्लोव्ह घातलेलं बोट हलकं टेकवा. चॉकलेट बोटाला लागलं पाहिजे पण थेंब ओघळता कामा नये. लागतच नसेल तर उशीर झालाय, ओघळत असेल तर थर जाड आहे, एनरोबरनंतरचा ब्लोअर (जादा चॉकलेट उडवणारा हवेचा झोत) वाढवा.

टेम्परिंग केलेलं (म्हणजे नीट कडक आणि चकचकीत सेट व्हावं म्हणून ठरावीक तापमानांतून नेलेलं) डार्क चॉकलेट साधारण ३१ ते ३२ अंश सेल्सिअसला वापरतात, मिल्क २९ ते ३० ला, व्हाइट अजून अंशभर खाली. इथे होतं काय की चॉकलेट घट्ट वाटलं की कोणीतरी टाकीचं तापमान वाढवतो, तीन-चार अंश वर गेलं की टेम्पर तुटतो, मग थर पातळ होतो खरा पण सेट व्हायला फार वेळ घेतो, ड्रममध्ये दाणे सरकत राहतात आणि दोन-चार दिवसांनी वर पांढरट बुरशीसारखी छटा येते (बुरशी नसते ती, फॅट ब्लूम असतो, म्हणजे पृष्ठभागावर आलेली चॉकलेटमधली चरबी). घट्टपणा कमी करायचा असेल तर कोको बटर किंवा लेसिथिनचं (चॉकलेट पातळ वाहतं ठेवणारा घटक) प्रमाण बघा, हीटरला हात लावू नका. लेसिथिनही बेताने, साधारण अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेलं की उलट चॉकलेट परत घट्ट वागायला लागतं.

आता थंड बॉलबद्दल, कारण हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. आतला गोळा फ्रिजमधून काढून थेट लाइनवर टाकला तर चॉकलेट त्याच्यावर पडताक्षणी आवळतं, गोंदाची वेळच मिळत नाही. शिवाय खोली २२ अंशाला आणि आर्द्रता ५५ टक्के असेल तर दवबिंदू (ज्याच्या खाली हवेतली वाफ पाणी होऊन जमते ते तापमान) साडेबारा अंशाच्या आसपास येतो, म्हणजे ८ अंशाच्या बॉलवर डोळ्यांना न दिसणारं पाणी जमतंच. त्यावर चॉकलेट धड धरत नाही, आणि पुढे गोळा खोलीच्या तापमानाला येऊन फुगला की कवचाला बारीक तडे जातात, दाण्यांसकट पापुद्रा निघतो. गोळे आधी दवबिंदूच्या वर आणून ठेवा, शक्यतो झाकून, नाहीतर बाहेर काढून ठेवलेल्या गोळ्यांवरच पाणी धरायचं. गोळा फार मऊ असेल तर आधी चॉकलेटचा एक पातळ थर देऊन सेट करा, मग दुसरा ओला थर आणि दाणे. काम वाढतं, पण आतली ओल आणि तेल दाण्यांपर्यंत जायलाही आडकाठी होते.

दाणे न चाळता ओतणे

काप करताना भुकटी होतेच, ती कोणाच्या चुकीने होत नाही. चूक ती तशीच हॉपरमध्ये (मशीनवरच्या दाणे भरायच्या नरसाळ्यात) ओतण्यात आहे. भुकटीचा एकूण पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रचंड असतो, ती सगळ्यात आधी ओल्या चॉकलेटला लागते, ओल शोषून घेते आणि मागून येणाऱ्या २-३ मिलिमीटरच्या दाण्यांना चिकटायला जागाच उरत नाही. त्यामुळे दोन चाळण्या लावा, वरची मोठे तुकडे अडवणारी आणि खालची भुकटी काढून टाकणारी. २ ते ४ मिलिमीटरचा दाणा ठरवला असेल तर खालची जाळी १ ते दीड मिलिमीटरपासून करून बघा. भुकटी वाया जाते म्हणून जीव जळतो माहितीये, पण ती आतल्या सारणात वापरता येते.

मोठे तुकडेही तितकेच नडतात बरं का, २५ मिलिमीटरच्या बॉलवर ६ मिलिमीटरचा तुकडा बसतच नाही नीट, कोपऱ्यावर उभा राहतो आणि पुढच्या बॉलच्या धक्क्याने निघून जातो, जाताना खालचं चॉकलेटही घेऊन जातो.

भाजलेले काप गरम असताना मशीनवर आणू नका. आतपर्यंत १८-२० अंशाला येऊ द्या, वरून हाताला गार लागतात पण ढिगाच्या मध्ये ऊब राहते. गरम दाणा चॉकलेट वितळवतो आणि स्वतःचं तेलही सोडतो. नीट भाजलेल्या मेव्यात ओल २-३ टक्क्यांच्या आसपास असते, उघडा ठेवला तर हवेतली ओल घेऊन मऊ पडतो, आणि काप केल्यावर तर हवा सगळीकडून लागत असल्याने खवटही लवकर होतो, म्हणून दोन आठवड्यांचे काप एकदम करून ठेवायची सवय सोडा.

हॉपर भरलेला आहे म्हणजे दाणे सारखे पडतायत असं नाही

तेलकट काप हॉपरमध्ये दाबले जातात आणि तोंडाशी कमान धरतात. वरून बघितलं तर हॉपर भरलेला, खाली मात्र काहीच पडत नाही, मग कोणीतरी बाहेरून ठोकतो आणि भसकन ढीग खाली. हॉपर काठोकाठ भरू नका, कमी उंचीवर ठेवून वारंवार भरा, आत हळू फिरणारा ढवळणा असेल तर उत्तम.

पण नुसतं व्हायब्रेशन वाढवून सोडवायला गेलात तर दुसरंच दुखणं सुरू होतं. हलणाऱ्या मिश्रणात बारीक कण खाली सरकतात आणि मोठे वर येतात, याला चक्क ब्राझील नट इफेक्ट म्हणतात, म्हणजे आपल्याच धंद्यातलं उदाहरण! हॉपर सारखा थरथरत ठेवला की आधी बारीक माल पडतो आणि बॅच संपताना मोठा, त्यामुळे सकाळचे बॉल एक दिसतात आणि दुपारचे वेगळे. फिरत्या ड्रममध्येही हेच, बारीक दाणे ढिगाच्या पोटात जमतात आणि मोठे कडेला येतात. म्हणूनच दाण्यांचा आकार जितका एकसारखा तितकं कोटिंग एकसारखं, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. व्हायब्रेटर फक्त फीडरच्या (हॉपरमधून दाणे ड्रममध्ये सोडणाऱ्या भागाच्या) ट्रेला ठेवा, आणि दर मिनिटाला किती ग्रॅम पडतंय ते ताटली धरून वजन करा, तीन-चार वेळा. आकडे बरेच वरखाली होत असतील तर ड्रमकडे बघायचंही कारण नाही अजून.

साखरेचे हलके दाणे किंवा बारीक रंगीत कण वापरत असाल तर कोरड्या हवेत ते स्थिर विजेमुळे गार्डच्या प्लॅस्टिकला जाऊन चिकटतात, तेव्हा अर्थिंग तपासा.

आता ड्रम

ड्रमचा एक ठरावीक वेग असा असतो की त्याच्या पुढे माल भिंतीला चिकटून गोल फिरायला लागतो. हिशोब सोपा आहे, ४२.३ ला व्यासाच्या, मीटरमधल्या, वर्गमुळाने भागायचं. १ मीटरच्या ड्रमला ४२ आरपीएम (मिनिटाला फेरे), ६० सेंटिमीटरच्याला साधारण ५५. कोटिंगसाठी याच्या खूप खाली चालवायचं, सुरुवात तिसऱ्या हिश्शापासून करा. फार हळू केलं तर बॉल ढिगाबरोबर नुसता पुढेमागे घसरतो, फार जोरात केलं तर वरून आपटतो आणि लागलेले दाणे झडतात. आतल्या पत्र्यावर छोट्या पट्ट्या असतील तर घसरणं थांबतं, पण उंच पट्ट्या बॉलला वर नेऊन टाकतात, तेही नको.

ड्रमच्या उताराचं म्हणाल तर स्पीड दुप्पट केला किंवा उतार दुप्पट केला तर बॉल साधारण निम्म्या वेळात बाहेर येतो. म्हणून दोन्ही एकदम बदलू नका, एक बदला, आतले सगळे जुने बॉल बाहेर पडू द्या, मगच बघा. ड्रममध्ये बॉल येण्याआधी दाण्यांचा थर तयार हवा, पहिले बॉल कोरे निघायचं कारण बरेचदा एवढंच असतं.

साइज बदलला आणि सेटिंग तेच ठेवलं

हे तर सर्रास होतं. २५ मिलिमीटरवरून ३० वर गेलात तर फरक पाचच मिलिमीटरचा, पण पृष्ठभाग ४४ टक्के वाढतो आणि वजन जवळपास ७३ टक्के. म्हणजे मिनिटाला बॉल तितकेच असतील तर दाणेही ४४ टक्के जास्त लागतात. वर कोणी तयार मालात दाण्यांचा टक्का जुनाच राहिला पाहिजे असा हट्ट धरला तर थर २० टक्के जाड करावा लागेल, तो बसेलच असं नाही. कोटिंग मोजताना वीस बॉल आधी आणि नंतर वजन करा, पण एकत्र नको, एकेक करून. सरासरी बरोबर येते आणि अर्धे बॉल टकले असतात असंही होतं.

परत येणारे दाणे

न चिकटलेले दाणे चाळून परत हॉपरमध्ये जातात, जायलाच पाहिजेत, पण तेच तेच दाणे दिवसभर फिरवले तर ते झिजून बारीक होतात, त्यांना चॉकलेट लागून गुठळ्या होतात आणि दुपारनंतर कोटिंग आपोआप बिघडतं. परतीच्या वाटेवर चाळणी हवीच, ताजे दाणे थोडे थोडे सतत मिसळत राहा, आणि शिफ्टच्या शेवटी उरलेले दुसऱ्या दिवशीच्या मालात ढकलू नका.

ड्रममधून निघाल्यावर बॉल सपाट बेल्टवर पडला तर ओल्या थराला तिथेच चपटी जागा येते, त्यामुळे बेल्टवर आधी दाण्यांचा पातळ थर पसरा. कूलिंग टनेलमध्ये १० ते १४ अंशाची हवा पुरते, त्याहून थंड जोराचा झोत सोडलात तर थर पटकन आकसतो, दाणे सुटतात आणि बाहेर आल्यावर बॉलला घाम फुटतो.

सफाई

एका मेव्यावरून दुसऱ्यावर जाताना, किंवा मेवा नसलेल्या मालावर जाताना, ड्रमपेक्षा चाळणीच्या कडा, फीडरच्या सांधी आणि परतीचा पट्टा इथेच जुने दाणे अडकतात. ॲलर्जी असलेल्या माणसाला तेवढे पुरतात, त्यामुळे हे दिसण्यापुरतं झाडून भागत नाही, सुटे भाग काढूनच साफ करायचे. आणि शक्यतो कोरडी सफाई, ब्रश आणि व्हॅक्यूमने, कॉम्प्रेस्ड एअरने नको कारण भुकटी उडून शेजारच्या लाइनवर बसते. पाण्याने धुवावंच लागलं तर पूर्ण वाळल्याशिवाय लाइन चालू करू नका, चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी गेलं तरी ते घट्ट होऊन बसतं, आणि ओलसर ड्रममध्ये पडलेली पहिली भुकटी पत्र्यावर असा थर धरते की तो खरवडूनच काढावा लागतो.