युद्धांवरचे माहितीपट निवडताना या चुका टाळा

पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपाननं केलेल्या हल्ल्यावरच्या कितीतरी माहितीपटांत तीच ती दृश्यं येतात: सूर मारणारी विमानं, पेटलेल्या युद्धनौका, तोफेकडे धावणारे नौसैनिक. हे सगळं 7 डिसेंबर 1941 च्या सकाळी टिपलेलं असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या हल्ल्याचं खरं चित्रीकरण फार थोडं आहे. जॉन फोर्ड आणि ग्रेग टोलंड यांनी अमेरिकी नौदलासाठी ‘डिसेंबर सेव्हन्थ’ नावाचा चित्रपट केला, तेव्हा जहाजांच्या छोट्या प्रतिकृती वापरून त्यांनी हल्ला पुन्हा उभा केला. त्याच्या छोट्या आवृत्तीला ऑस्कर मिळालं. पुढे त्यातले तुकडे खरं चित्रीकरण म्हणून इतक्यांनी वापरले, की आता खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं हे सामान्य प्रेक्षकाला ओळखूच येत नाही.

ओटीटीवर आणि यूट्यूबवर युद्धांबद्दल बघण्यासारखं आज ढिगानं पडलेलं आहे. इतिहासाची मनापासून ओढ असलेली मुलं त्यातलं सगळ्यात चकचकीत काहीतरी उचलतात आणि चुकीची समजूत वर्षानुवर्षं बाळगतात, याचं मला फार वाईट वाटतं. थोडी काळजी घेतली तर हे टळतं.

पडद्यावर दिसलं म्हणजे तसंच घडलं, असं मानणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईवरचा ब्रिटिश चित्रपट ऑगस्ट 1916 मध्ये, लढाई चालू असतानाच, प्रदर्शित झाला. पहिल्या सहा आठवड्यांत ब्रिटनमध्ये अंदाजे 2 कोटी लोकांनी तो पाहिला. त्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य म्हणजे सैनिक खंदकातून वर चढतात आणि एकजण तिथेच कोसळून मागे घसरतो. हे दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या खंदकात रचून घेतलं होतं. नीट पाहिलं तर खुणा दिसतात. हल्ल्याला निघालेल्या सैनिकाच्या पाठीवर असायला हवं ते सामान नाही, समोरची काटेरी तारही जेमतेम आहे.

गंमत अशी की त्याच चित्रपटात ब्रिटिशांनी जर्मन ठाण्याखाली पेरलेल्या हॉथॉर्न इथल्या सुरुंगाचा स्फोट आहे, आणि तो शंभर टक्के खरा आहे. कॅमेरामन जेफ्री मॅलिन्स यांनी 1 जुलै 1916 ला सकाळी 7.20 वाजता तो टिपला. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे 19,240 जण मेले. म्हणजे एकाच रिळात खरं आणि रचलेलं शेजारी शेजारी नांदतं. म्हणून ‘हा माहितीपट खरा की खोटा’ असा सरसकट प्रश्न उपयोगाचा नाही. प्रत्येक दृश्य कुठून आलं, हे विचारावं लागतं. चांगले निर्माते ते स्वतःच सांगतात. निवेदनात सांगतात, नाहीतर शेवटच्या श्रेयनामावलीत संग्रहालयांची नावं देतात. तिथे इतिहासकार सल्लागार म्हणून एकही नाव नसेल, चित्रीकरणाचा स्रोत नसेल, तर तो माहितीपट मी तरी कुणाला सुचवणार नाही.

शंका आली तर घरबसल्या करता येण्याजोगी एक तपासणी आहे. निवेदक 22 जून 1941 ची, जर्मनीनं सोव्हिएत संघावर केलेली चढाई सांगत असेल आणि पडद्यावर टायगर रणगाडा दिसत असेल, तर चित्र थांबवा. टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला तो 1942 मध्ये, लेनिनग्राडजवळ. पँथर तर 1943 च्या जुलैमध्ये, कुर्स्कला. अशी चूक दिसली की समजावं, संकलकानं हाताला लागेल ते चित्र निवेदनाखाली चिकटवलं आहे. यूट्यूबवर यंत्राच्या आवाजात बोलणारे जे असंख्य व्हिडिओ आहेत, त्यांत हे सर्रास चालतं.

आवाजाचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धातलं रणांगणावरचं बहुतेक चित्रीकरण मूक आहे. तोफांचा गडगडाट, चिखलातली पावलं, हे सगळं नंतर स्टुडिओत भरलेलं असतं. त्यात फसवणूक आहे असं नाही. फक्त तो आवाज पुरावा म्हणून धरू नये.

निर्मितीचं वर्ष न बघणं

‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही 26 भागांची ब्रिटिश मालिका 1973-74 मध्ये आली. लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं निवेदन, आणि तेव्हा हयात असलेल्या माणसांच्या मुलाखती: सेनापती, मंत्री, साधे सैनिक, गृहिणी. दुसऱ्या महायुद्धावर काही एकच बघायचं असेल तर आजही मी हीच मालिका सांगेन. पण ती बघताना तिचं वर्ष लक्षात ठेवा. जर्मनांचे एनिग्मा या सांकेतिक यंत्रावरचे संदेश ब्रिटिश फोडत होते, ही गोष्ट लोकांसमोर सविस्तर आली 1974 मध्ये. त्यामुळे अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या लढाईत या गुप्त माहितीचा वाटा किती होता, ते या मालिकेत सापडत नाही. कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल सोव्हिएत पोलिसांनीच केली, हे मॉस्कोनं मान्य केलं 1990 मध्ये. सोव्हिएत दफ्तरं खऱ्या अर्थानं उघडली ती त्यानंतर.

यावरचा उपाय सोपा आहे. जुनी मालिका माणसांसाठी बघा, कारण ती माणसं आता भेटणार नाहीत. मग त्याच विषयावरचं 1991 नंतरचं काहीतरी जोडीला घ्या.

साक्षीदार बोलतो म्हणून विश्वास ठेवणं

याच मालिकेत हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर बोलतो. शांत, सुसंस्कृत, पश्चात्ताप झालेला माणूस वाटतो. ज्यूंच्या संहाराची आपल्याला माहिती नव्हती, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. ऑक्टोबर 1943 मध्ये पोझेन इथे नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलरनं सगळ्या ज्यूंना मारण्याबद्दल उघड भाषण केलं, तेव्हा आपण तिथून आधीच निघालो होतो, असं तो म्हणे. 2007 मध्ये त्याचं 1971 चं एक खाजगी पत्र उजेडात आलं. त्यात, आपण त्या भाषणाला हजर होतो, असं त्यानं स्वतः लिहिलं होतं. म्हणजे खाजगीत कबुली दिल्यानंतरही तो कॅमेऱ्यासमोर तोच जुना चेहरा घेऊन बसत होता.

म्हणून मुलाखत ऐकताना बघावं, की या माणसाचं म्हणणं दुसरं कुणी तपासतंय का. समोर कागद ठेवलाय का? त्याच्यामुळे ज्यांनी भोगलं, ते कुणी बोलतंय का? ज्यूंच्या संहारावरचा क्लोद लांझमान यांचा 1985 चा ‘शोआ’ इथे फार मोठा वाटतो. नऊ तासांहून लांब, आणि त्यात जुन्या चित्रीकरणाचा एकही तुकडा नाही. नुसती माणसं, त्या जागा, आणि चिकाटीनं विचारलेले प्रश्न. हा एका बैठकीत बघायचा चित्रपट नाही, लहान मुलांसोबत तर नाहीच.

केन बर्न्स आणि लिन नोविक यांची 2017 ची व्हिएतनाम युद्धावरची 18 तासांची मालिका अमेरिकी सैनिकांसोबत उत्तर व्हिएतनामच्या सैनिकांनाही बोलू देते, हे तिचं मोठं बळ. तरी हे युद्ध भल्या माणसांनी चांगल्या हेतूनं सुरू केलं, असं तिचं निवेदन सुरुवातीलाच सांगतं, आणि त्यावर अनेक इतिहासकारांनी कडक आक्षेप घेतला. मलाही ते वाक्य पटत नाही. मालिका मात्र जरूर बघावी.

रंगाला भुलणं

रंग भरलेलं चित्र ताजं वाटतं, म्हणून जास्त खरंही वाटतं. पीटर जॅक्सन यांनी 2018 च्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’साठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधल्या पहिल्या महायुद्धाच्या चित्रफितींना रंग दिले, वेग सुधारला, ओठांच्या हालचाली वाचणाऱ्यांना बसवून संवाद भरले. काम अतिशय निष्ठेचं आहे. तरी रंग हा अभ्यासपूर्ण अंदाजच असतो, आणि हा चित्रपट पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैनिकापुरता आहे. पहिलं महायुद्ध समजून घ्यायला तेवढा पुरत नाही.

एका देशाच्या गोष्टीला सगळं युद्ध समजणं

इंग्रजीत सहज मिळणारे माहितीपट नॉर्मंडी, डंकर्क आणि हिटलरभोवती फिरतात. सोव्हिएत संघाचे अंदाजे 2 कोटी 70 लाख लोक मेले, चीनमध्ये युद्ध जुलै 1937 पासूनच पेटलं होतं, 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली. याला अनेकदा दोन मिनिटंही मिळत नाहीत. 1944 मध्ये इंफाळ-कोहिमाला जपान्यांना मागे रेटणाऱ्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य भारतीय होते. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे रायगडचे यशवंत घाडगे आणि नगरचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तिथेच धारातीर्थी पडले. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. इटलीवरचा किंवा मेसोपोटेमियावरचा माहितीपट निवडताना त्यात भारतीय सैन्य आहे का, हे आधी बघा. नसेल, तर अर्धी फौज गाळून सांगितलेली लढाई आहे ती.

बघूनही डोक्यात काही राहत नाही?

ही तक्रार बरेच जण करतात. कारण बहुधा एकच: ‘संपूर्ण महायुद्ध पन्नास मिनिटांत’ छापाचं काहीतरी निवडलेलं असतं. त्याऐवजी एकच लढाई घ्या, शेजारी नकाशा उघडा ठेवा, आणि एका वेळी एकच भाग बघा. जुन्या वृत्तपटांच्या ब्रिटिश पाथे या कंपनीनं 2014 मध्ये आपले सुमारे 85,000 जुने चित्रपट यूट्यूबवर मोकळे केले. त्याच लढाईचा तेव्हाचा वृत्तपट तिथे शोधा. तेव्हा लोकांना काय सांगितलं गेलं आणि आज काय माहीत आहे, यांतला फरक लगेच दिसतो.

1971 च्या युद्धापासून सुरुवात करायची असेल, तर झहीर रैहान यांचा ‘स्टॉप जेनोसाइड’ आणि फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. सुखदेव यांनी केलेला ‘नाइन मन्थ्स टू फ्रीडम’ एकापाठोपाठ बघा. पहिला युद्ध चालू असताना झाला, दुसरा ढाक्याच्या शरणागतीनंतर. दोन्ही चित्रपट एक बाजू घेऊन बोलतात आणि ती लपवत नाहीत. या युद्धातल्या पराभवाची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानच्या हमुदुर रहमान आयोगाचा अहवाल मात्र 2000 मध्ये बाहेर आला, त्यामुळे तिसरा माहितीपट त्यानंतरचाच निवडा.