द्राक्षबागेच्या व्यवस्थापकाने बागाईतदार संघाचा उपयोग कसा करून घ्यावा

मालक शहरात आणि बाग निफाडला किंवा तासगावला असेल, तर छाटणीपासून काढणीपर्यंतचे बहुतेक निर्णय व्यवस्थापकालाच घ्यावे लागतात. अशा व्यवस्थापकासाठी महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ हा मोठा आधार आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर असे चार विभाग आहेत. सभासदत्व मालकाच्या नावे असल्यास चर्चासत्राला स्वतः जाण्याची आणि ‘द्राक्षवृत्त’ हे संघाचे मासिक बागेवर मागवण्याची मुभा त्याच्याकडून आधीच घ्यावी. अंक शहरातल्या टेबलावर पडून राहिला, तर त्याचा बागेला काही उपयोग नाही.

फळछाटणी, म्हणजे घड घेण्यासाठी केली जाणारी छाटणी, होण्यापूर्वीच्या चर्चासत्राला रिकाम्या हाताने जाऊ नये. माती व पाण्याचे अहवाल, फवारणीची नोंदवही आणि पानदेठ परीक्षणाचा अहवाल सोबत असावा. खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणी झाल्यावर उन्हाळ्यात होणाऱ्या छाटणीनंतर, साधारण 45 दिवसांनी, काडीच्या पायथ्याकडून पाचव्या पानाचे देठ परीक्षणासाठी काढलेले असले, म्हणजे घडनिर्मितीच्या काळातली अन्नद्रव्यांची स्थिती तज्ज्ञांसमोर आकड्यांत मांडता येते. ‘भुरीवर (पाने-घडांवरच्या पांढऱ्या बुरशीवर) काय मारू?’ या प्रश्नाला कोणीही मोघमच उत्तर देईल. त्याऐवजी द्राक्षाची जात आणि ती ज्या मुळावर कलम केली तो खुंट यांपासून सुरुवात करून ‘थॉम्पसन, डॉगरिज खुंट, छाटणीपासून बेचाळिसावा दिवस, परवा पाऊस झाला, त्याआधी अमुक बुरशीनाशक दोनदा मारले आहे’ असे सांगावे. शिवारफेरीतही दुसऱ्याच्या बागेतील घड पाहून हरखून जाण्यापेक्षा तिथले पाणी, खुंट आणि वेलीवर राखलेल्या घडांची संख्या विचारावी.

निर्यातीचा माल असेल, तर 2010 चा हंगाम आठवावा. वाढ रोखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागेतल्या भाषेत सीसीसीचे, अंश सापडल्याने त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षे अडकली. अशा संकटात एकट्या बागेचे गाऱ्हाणे फार लांब पोहोचत नाही. सरकार आणि निर्यात यंत्रणेपुढे सर्वांची बाजू मांडायला संघच लागतो. मात्र त्यासाठी आपल्या नोंदी तारखेनिशी, औषधाच्या घटकासह आणि मात्रेसह संघाच्या आपल्या विभागाकडे देण्याजोग्या असाव्यात.

संघ काय करू शकत नाही, हेही ओळखून असावे. ग्रेपनेटवरील, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवरील, बागेची नोंदणी राज्याच्या कृषी विभागामार्फतच होते. चर्चासत्रात ऐकलेले औषध वापरण्यापूर्वी ते पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीत, म्हणजे परिशिष्ट 5 मध्ये, आहे का आणि फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर सांगितले आहे, हे स्वतः पडताळावे. वक्ता कितीही नावाजलेला असो, औषधांच्या अंशांच्या तपासणीत द्राक्षांचा नमुना नापास झाला तर जाब व्यवस्थापकालाच द्यावा लागतो. म्हणून चर्चासत्राहून परतल्यावर कोणता सल्ला स्वीकारला, कोणता सोडला आणि का, हे त्याच दिवशी लिहून मालकाला कळवावे.