थिंफूला दोन दिवस: सोलापूरहून निघताना आधी वार बघा

थिंफूत अंतर आडवं येत नाही, वार आडवा येतो. भूतानची ही राजधानी लोकसंख्येनं साधारण आपल्या बार्शीएवढी. बघण्यासारखं बहुतेक सगळं टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटांत गाठता येतं. पण एक जागा ऑफिस सुटल्यावर उघडते, दुसरी सुट्टीला बंद असते, बाजार खरा भरतो शनिवार-रविवारी. म्हणून मुक्काम शुक्रवार-शनिवार असा धरा. पारो-पुनाखा या भूतानमधल्या दुसऱ्या ठिकाणांच्या मधली एक उरलेली दुपार थिंफूला दिली, तर बंद दरवाजेच बघून याल.

आधी कागदपत्रं, कारण घोळ होतो तो इथेच. आधार कार्ड चालत नाही. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ आणि इंग्रजीत हवा; नुसता मराठी दाखला असेल तर महापालिकेतून आधीच नवा काढून घ्या. भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना काही नाही. स्थळांची तिकिटं त्यात धरलेली नाहीत, ती वेगळी.

रेल्वेनं जायचं तर पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं हावडा, मग सियालदहहून रात्रीची कांचनकन्या पकडून हासीमारा. तिथून सीमेवरचं जयगाव वीस किलोमीटरच्या आत, आणि कमान ओलांडली की भूतानमधलं फुंटशोलिंग. विमानानं बागडोगऱ्याला उतरलात तर फुंटशोलिंगपर्यंत गाडीचे चार तास धरा. पुढे थिंफू दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण सोलापूर-पुणे हायवेचा हिशोब इथे लावू नका. घाट आहे, गेदूजवळ धुकं असतं, पाच-सहा तास जातातच. जून ते ऑगस्ट दरडी कोसळतात, तेव्हा टाळाच. घड्याळ अर्धा तास पुढे करा. रुपया आणि न्गुलत्रुम (भूतानचं चलन) एकाच किमतीचे. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा, आणि उरलेले न्गुलत्रुम तिकडेच संपवा, आपल्याकडे ते कोणी घेणार नाही.

शुक्रवारी सकाळी तेरा पारंपरिक कला शिकवणारी झोरिग चुसुम संस्था बघा. चित्रकला, लाकूडकाम, भरतकाम करणारे विद्यार्थी वर्गातच दिसतात. सरकारी सुट्टीला आणि हिवाळ्याच्या सुट्टीत मात्र तिथे नुसत्या भिंती.

तिथून वस्त्र संग्रहालय. सोलापूरकरानं हे चुकवू नये. कमरेला पट्टा बांधून, जमिनीवर बसून विणायचा माग इथे बघायला मिळतो. अंगाच्या ताणानंच ताणा घट्ट राहतो, त्यामुळे कापडाची रुंदी हात पोचतील तेवढीच. म्हणूनच बायकांचा किरा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) सहसा तीन पट्ट्या शिवून तयार होतो. किशुथारा नावाच्या रेशमी प्रकारात नक्षीसाठी जादा बाणा बोटांनी उचलून घालतात, जॅकार्डचं कार्ड नाही की काही नाही. एकेका किऱ्याला महिनोन्‌महिने लागतात. आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, रंग तेवढे उलटतात. किशुथाऱ्याची नक्षी मात्र सुलट्या बाजूलाच. दुकानात ‘हातमागाचा’ म्हणून किरा दाखवला तर आधी जोड शोधा. सलग पूर्ण रुंदीचं कापड असेल तर ते बहुधा यंत्रमागाचं, आणि भावही तसाच करा.

संध्याकाळी ताशिछो झोंग, म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र. आत सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे कामाच्या दिवशी पाचनंतरच सोडतात. झेंडा उतरवण्याचा विधीही तेव्हाच असतो. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, डोक्यावर टोपी नको. मंदिराच्या आत फोटो काढायचे नाहीत.

शनिवारी लवकर उठून मेमोरियल चोर्तेनला जा. तिसऱ्या राजांच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये बांधलेला हा स्तूप. जपमाळा घेतलेली म्हातारी माणसं सकाळीच फेऱ्या मारतात, आपणही उजवी बाजू स्तूपाकडे ठेवून चालायचं. मग वर कुएन्सेल फोड्रांगला ५१.५ मीटर उंचीची बुद्ध दोर्देन्मा ही मूर्ती. आतमध्ये सव्वा लाख लहान बुद्धमूर्ती आहेत. आवार उघडं आहे, दुपारनंतर वारा झोंबतो, म्हणून सकाळच बरी. मोतीथांगला ताकिन हा राष्ट्रीय प्राणी. प्राणिसंग्रहालय बंद करून यांना सोडून दिलं, तर हे गावभर रस्त्यांवर हिंडू लागले, म्हणून परत कुंपण घातलं. दुपारी शेतकरी बाजार. वाळवलेल्या मिरच्यांचे ढीग बघून घरची आठवण येईल.

जेवणात एमा दात्शी म्हणजे चीजमधली मिरचीची भाजी. मिरची इथे मसाला नाही, भाजीच आहे. सोलापूरचे म्हणून पहिल्याच घासाला बढाई मारू नका. पोरांसाठी बटाट्याचं केवा दात्शी मागवा. शाकाहारी असाल तर सुकं मांस घातलेलं नाही ना, हे स्पष्ट विचारा. भाताचा कंटाळा येतोच, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत असू द्या, दोन्ही आठवडाभर टिकतात.

मुख्य पोस्टात आपला फोटो छापलेली तिकिटं करून मिळतात, आणि ती खरोखर टपालाला चालतात. शनिवारवर न ठेवता शुक्रवारीच करून घ्या, आणि एक पोस्टकार्ड पिनकोडसकट घरी टाका.